तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी का घेत नाही?

पार्किंगची जागा आहे, पगार बरा आहे, मग गाडी का घेत नाही? सोसायटीत, कंपनीत, लग्नाकार्यात हेच. चालवता येते मला. चिक्कू म्हणा हवं तर, फक्त पर्यावरणप्रेमी म्हणून पाठ थोपटू नका. दिवाळीत फटाके मीही उडवतो.

इंदिरानगरहून सातपूर एमआयडीसीत जायला मला बस पुरते. 2021 च्या अर्थसंकल्पात नाशिकच्या टायरवर धावणाऱ्या मेट्रोला 2,092 कोटी जाहीर झाले, तेव्हा मेव्हण्याला म्हणालो होतो, "बघ, तूही गाडी विकशील." मेट्रोचा अजून पत्ता नाही. ते वाक्य तो दर दिवाळीला ऐकवतो.

पण तुम्हाला विचारायचं असतं ते बाबांच्या त्या रात्रीबद्दल.

अडीचला त्यांना दरदरून घाम फुटला. मी 108 लावतोय तोवर हिने समोरचं दार वाजवलं. शेजारचे काका बनियनवरच किल्ली घेऊन धावले. खाली त्यांच्या गाडीपुढे आडवी एक पांढरी गाडी, गिअरमध्ये टाकलेली. ढकलली तर हलेना. माझ्या रिकाम्या जागेत लोकांच्या स्कूटर आणि कुणाचा तरी मोडका पाळणा. ही गाऊनवर ओढणी गुंडाळून मजल्यामजल्यावर दारं वाजवत होती, "पांढरी गाडी कुणाची?" बाबा जिन्याच्या पायरीवर. मला म्हणाले, "ओरडू नको रे, लोक झोपलेत." गाडी तिसऱ्या मजल्यावरच्या पाहुण्यांची निघाली. त्यांना किल्ली सापडेना.

बाबा वाचले. स्टेंट पडला, पण हृदयाचं पंपिंग कमी झालं ते झालंच. आता जिना चढताना दोनदा थांबतात.

"स्वतःची गाडी असती तर?" असती तर तीही अडकली असती, हे माझं ठरलेलं उत्तर. वर ऐकवतो, की फ्लॅटमागे पार्किंग किती द्यायचं हे बिल्डरला नियमाने बांधून दिलंय, बसथांब्याचं त्याला कुणी विचारत नाही. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात वाहनांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व द्या म्हटलंय, आणि आम्ही गाड्याच मावाव्यात म्हणून झटतोय.

सगळं खरं. फक्त माझी जागा गेटजवळची आहे. तिथून गाडी सरळ रस्त्यावर निघते, पुढे आडवं लावायला जागाच नाही. हे मेव्हण्याच्या अजून लक्षात आलेलं नाही. माझ्या त्याच रात्री आलं होतं.

मग काय, त्या एका रात्रीसाठी रोज त्र्यंबक रोडच्या सिग्नलला एकट्याने चार माणसांची जागा अडवून बसू? आणि अडीचला बस नसते, हेही आहेच. मेट्रो झाली असती तरी त्या वेळी नसती.

हिने यावर कधी वाद घातला नाही. गेल्या महिन्यात तिने ड्रायव्हिंगचा क्लास लावला. कुठली गाडी, कधी, हे मी विचारलेलं नाही. यापुढे तुम्हीही तिलाच विचारा.