नोन्नाचा नवस आणि नातीचा नकार

ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्ग भागात ज्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहते, त्या घरात सध्या एकच विषय आहे: पणतूचा बाप्तिस्मा करायचा की नाही. खाली घरमालकीण आजी राहतात. सगळी गल्ली त्यांना नोन्ना म्हणते, म्हणजे इटालियनमध्ये आजी; मीही म्हणते. मुलगा स्टेटन आयलंडला स्वतःचं घर बांधून राहतो. नात मात्र आजीच्या जवळ राहायचं म्हणून याच भागात परत आली आहे. बाळ तिचं.

नोन्ना नेपल्सजवळच्या नोला गावाकडच्या, लग्न होऊन इथे आल्या. 1965 च्या कायद्याने देशवार कोटे रद्द केले, तेव्हा त्यांच्या धाकट्या बहिणीलाही येता आलं. आपली बहुतेक मंडळी अमेरिकेत आली ती त्याच कायद्यामुळे, हे मी सांगितलं तेव्हा त्यांना फार आनंद झाला. सासरचे लोक मात्र आधीच्या लाटेतले. 1880 ते 1920 या काळात 40 लाखांहून अधिक इटालियन अमेरिकेत उतरले, बहुतेक दक्षिणेकडचे गरीब. इथलं कॅथलिक चर्च तेव्हा आयरिश मंडळींच्या हातात. रस्त्यावरून मूर्ती मिरवणारे, नवस बोलणारे हे लोक त्यांना अडाणी वाटायचे. कित्येक ठिकाणी इटालियन लोकांची मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, चर्चच्या तळघरात व्हायची. तो अपमान पुरुषांनी जास्त मनाला लावून घेतला. बायका आत प्रार्थनेला, पुरुष बाहेर पायरीवर. नोन्नांचे यजमान तसेच होते आणि मुलगाही तसाच.

पण जुलै आला की हाच मुलगा सगळं सोडून इथे हजर होतो, जील्यो उचलायला. नोलाचे संत पाउलिनुस यांनी एका विधवेच्या मुलाला सोडवण्यासाठी स्वतःला गुलाम म्हणून दिलं आणि ते सुटून परतले तेव्हा गावाने लिलीची फुलं घेऊन त्यांचं स्वागत केलं, अशी कथा आहे. त्याची आठवण म्हणून जील्यो हा सुमारे 80 फुटी मनोरा खांद्यावर घेऊन नाचवतात, इथे 1903 पासून. शंभरावर माणसं खाली, वाजंत्री वरती बसलेली, आणि ‘कापो’ने, म्हणजे म्होरक्याने, इशारा केला की सगळे एकदम उठतात. आपल्याकडे पालखीला खांदा द्यायला जशी चढाओढ लागते, तशीच इथे. मुलाच्या खांद्यावर त्या दांड्याने पडलेला घट्टा आहे. तो मला दाखवताना त्याचा चेहरा उजळला होता. देवाबद्दल विचारलं की मात्र खांदे उडवतो. त्याच्या हिशोबात सुख म्हणजे घर, पेन्शन आणि रविवारी एका टेबलावर सगळं कुटुंब.

नाताळच्या आदल्या रात्री त्यांच्याकडे माशांचं जेवण असतं. त्या दिवशी मी सकाळपासून नोन्नांच्या स्वयंपाकघरात होते. खारवलेला कॉड मासा, बाकाला, त्यांनी दोन दिवस आधीच पाण्यात घातला होता. पुन्हा पुन्हा पाणी बदलायचं आणि शेवटी एक तुकडा जिभेला लावून मीठ किती उरलंय ते बघायचं. ते बघता बघता त्यांनी मला नवसाची गोष्ट सांगितली. मुलगा लहानपणी तापाने फणफणला होता, वाचेल असं वाटत नव्हतं. त्यांनी कार्मेलच्या मादोन्नाला, म्हणजे मेरीमातेला, शब्द दिला की दर वर्षी मिरवणुकीत अनवाणी चालेन. जुलैतल्या तापलेल्या डांबरावर त्या चालत राहिल्या, गुडघे साथ देत होते तोपर्यंत. ‘सुखी केलं का तिने तुम्हाला?’ मी विचारलं. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला. ‘मी सुख मागितलंच नव्हतं,’ म्हणाल्या, ‘मुलगा मागितला होता.’

रात्री जेवताना विषय निघालाच. बाप्तिस्म्यात आईबापांना सगळ्यांसमोर विचारतात, या मुलाला आमच्या श्रद्धेत वाढवाल ना? नात म्हणाली, माझा विश्वास उरलेला नाही, मी चर्चमध्ये उभी राहून खोटं बोलणार नाही. बाप भडकला. ‘हो म्हण आणि मोकळी हो, सगळेच म्हणतात. आम्ही तुला सगळं दिलं, तरी तू सुखी नाहीस, म्हणून हे सुचतं.’ नात रडली, पण हटली नाही. नोन्ना गप्प होत्या. मग त्यांनी मुलालाच दटावलं: तिथे म्हणायचं ते मनातून म्हणायचं असतं.

त्या घरात सगळे म्हणतात की आजी आणि नात दोन टोकं आहेत. मला तसं अजिबात वाटत नाही. देवाला दिलेला शब्द दोघींनाही जड वाटतो. एकीने तो पायाला फोड आले तरी पाळला, दुसरी पाळता येणार नाही म्हणून देत नाही. वरवरचं ‘हो’ फक्त मधल्या पिढीला चालतं. त्या माणसावर माझा राग नाही. त्याला तळघरातलं चर्च वडिलांकडून मिळालं आणि अमेरिकेकडून सुखाचा हट्ट. दोन्हींच्या मधे त्याच्या हाती श्रद्धेतला फक्त खांदा द्यायचा भाग आला, आणि तो तो जीव ओतून देतो.

बाप्तिस्म्याची तारीख अजून ठरलेली नाही. नोन्नांना रात्री झोप लागत नाही. पणतूच्या आत्म्याची त्यांना खरीखुरी काळजी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. नातीने एवढंच कबूल केलंय की मोठ्यांच्या जील्योसोबत मुलांचाही एक छोटा जील्यो निघतो, तिथे ती बाळाला नेईल. आजोबांनी त्याच्यासाठी इवलासा टीशर्ट आधीच घेऊन ठेवलाय.