उसनी पात्रं, आपले विनोद

फॅन फिक्शन म्हणजे आवडत्या मालिकेतली किंवा पुस्तकातली पात्रं घेऊन चाहत्यांनी रचलेल्या कथा. त्या लिहिणाऱ्याला पात्रं आयती मिळतात. नाव, रूप, भूतकाळ, शत्रू, सगळं तयार. त्यांचा राग उचलता येतो, प्रेमही जमून जातं. विनोद मात्र ऐनवेळी दगा देतो. रडारडीच्या प्रसंगात वाचक बरंच चालवून घेतात. पण खवचट माणसाच्या तोंडी पांचट कोटी आली की 'हा असं बोलणारच नाही' म्हणून कथा तिथेच सोडतात.

लिहिताना पहिला सुचतो तो विनोद बहुधा आपला असतो, पात्राचा नसतो. त्यामुळे हजरजबाबी लेखकाच्या कथेत सैनिक, राजकन्या आणि खलनायक एकाच चालीत टोले हाणत सुटतात. संवादांमागची नावं पुसून पाहावी. कोण बोलतंय ते कळेना झालं, तर सगळीकडे आपणच बोलतोय!

'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानमालिकेच्या चाहत्यांनी १९६७ मध्येच 'स्पॉकनालिया' नावाचं फॅनझिन, म्हणजे चाहत्यांचं हौशी मासिक, काढलं होतं, म्हणजे मालिकेतल्या स्पॉकचं पात्र लिहायचा पेच चांगलाच जुना. भावना बाजूला ठेवून तर्काने चालणारा हा गृहस्थ विनोद करत नाही. भुवई उंचावतो, अचूक आकडा सांगतो आणि डॉक्टर मॅकॉयचा पारा चढतो. हसू पिकतं ते या दोघांच्या मध्ये. स्पॉकला चुरचुरीत वाक्य दिलं की त्याची गंमत गेलीच, शिवाय मॅकॉयला चिडायला कारणही उरलं नाही. आपण फिरकी घेतोय हे स्पॉकला कळतं का? लेखकाने ते उघड करू नये, असं माझं मत.

सगळ्यात जास्त नासतात ती उपरोधिक पात्रं, कारण ती सगळ्यांनाच लिहायला आवडतात. दर दुसऱ्या वाक्याला टोमणा आला की वाचणारा थकतो. असा माणूस नेमक्या कोणाला टोमणे मारणार नाही, हे आधी ठरवलं तर बाकीचे टोमणे आपोआप वजनदार होतात. भोळ्या पात्राचं उलट आहे. त्याने पूर्ण गांभीर्याने बोलावं आणि निवेदकाने मागून डोळा मारू नये. कोट्या करणारा तर फारच अवघड. त्याची कोटी फसायला हवी, पण परिच्छेद फसता कामा नये.

१९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी एका फॅनझिनमध्ये साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी सू रंगवली. ती सगळ्यांना थक्क करते आणि शेवटी सगळ्यांना रडवून मरते. चाहत्यांच्या कथांमधल्या सर्वगुणसंपन्न नायिकांची ती टिंगल होती. मला वाटतं, विनोदाचीही एक मेरी सू असते. तिचं प्रत्येक वाक्य झकास जमतं आणि लगेच 'सगळे खळखळून हसले' असं येतं. हे वाक्य दिसलं की मी ते आधी खोडते. मग एकाला तो विनोद कळत नाही, दुसऱ्याला तो लागतो आणि तिसऱ्याने तो आधीच दोनदा ऐकलेला असतो.