कुलूप लावले का?

घराबाहेर पडून जिना अर्धा उतरला की माझ्या मनात पाल चुकचुकते : कुलूप लावले का? किल्ली खिशात असते, बोटांना तिचा गारवा अजून जाणवत असतो, आणि तरीही दोन मिनिटांपूर्वी या बोटांनी काय केले हे मला सांगता येत नाही. मी बहुधा परत वर जातो. कुलूप लावलेलेच असते. गेल्या कित्येक वर्षांत ते एकदाही उघडे सापडलेले नाही; पण या निष्कलंक इतिहासाचा माझ्या शंकेवर काडीचाही परिणाम झालेला नाही.

याला आपण विसरणे म्हणतो, पण विसरण्यासाठी आधी काही लक्षात राहिलेले असावे लागते. मानसशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत स्मृतीचे तीन टप्पे सांगितलेले असतात : संकेतन (म्हणजे मनात नोंद होणे), साठवण आणि पुनर्प्राप्ती. माझे कुलूप पहिल्याच टप्प्यावर अडते. किल्ली फिरत असते तेव्हा माझे अवधान उशीर होईल का, छत्री घेतली का, काल अर्धवट राहिलेल्या वादाला काय उत्तर द्यायला हवे होते, अशा भलत्याच गोष्टींत गुंतलेले असते, आणि ज्याकडे अवधान नाही त्याची धड नोंद होत नाही. जिन्यात थांबून मी जे पान शोधत असतो, ते मुळात लिहिलेच गेलेले नसते.

मग कुलूप लावले कोणी? सवय लागण्याला मराठीत ‘अंगवळणी पडणे’ म्हणतात, आणि मला हा शब्दप्रयोग फार नेमका वाटतो, कारण वळण अंगाला लागते आणि मनाला त्याची खबरही नसते. अर्थात अंगाच्या या शहाणपणाचा पत्ताही मेंदूतच आहे, फक्त तो आठवणींच्या पत्त्याहून वेगळा आहे. हे कळले ते एका माणसाच्या मोठ्या दुर्दैवातून. हेन्री मोलेसन या अमेरिकी तरुणावर १९५३ साली, अपस्मार आटोक्यात यावा म्हणून, शस्त्रक्रिया झाली आणि तीत मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाचा, मोठा हिस्सा काढला गेला. झटके कमी झाले, पण त्यानंतर घडणारी कोणतीही नवी घटना त्याच्या स्मरणात टिकेनाशी झाली. २००८ साली त्याचे निधन होईपर्यंत अभ्यासकांच्या लेखनात तो केवळ ‘एच. एम.’ या आद्याक्षरांनी वावरला. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हे काम वाटते त्याहून अवघड असते, कारण हात उजवीकडे न्यावा की डावीकडे याचाच गोंधळ उडतो. त्याचाही उडाला, पण दिवसागणिक त्याच्या चुका घटत गेल्या आणि तिसऱ्या दिवशी तो ती आकृती सफाईने गिरवू लागला. आपण हे यापूर्वी कधी केले आहे, हे मात्र त्याला अजिबात आठवत नव्हते. त्याच्या हानीशी माझ्या विसरभोळेपणाची तुलना करणे उद्धटपणाचे ठरेल, तरी त्या चांदणीची मला जिन्यात हटकून आठवण येते. हात शिकलेला असतो, आणि त्याच्या मालकाला कामाचा पत्ता नसतो.

हाताच्या या शिक्षणात मेंदूच्या गाभ्यातील बेसल गँग्लिया या पेशीसमूहांचा मोठा वाटा असतो. मेंदूच्या अभ्यासक ॲन ग्रेबील आणि त्यांच्या सहकाऱ्यांना चक्रव्यूहात धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूत असे आढळले, की मार्ग नवा असताना तेथील पेशी संपूर्ण धावेत सक्रिय असतात, आणि मार्ग सरावाचा झाला की ती लगबग मुख्यतः आरंभी आणि शेवटी एकवटते. दार ओढणे, किल्ली फिरवणे, कुलूप हिसडून पाहणे, किल्ली खिशात टाकणे या माझ्या चार कृतींचीही अशीच एक मोळी बांधली गेली असावी. पहिली काडी हलली की सारी मोळी पुढे सरकते. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० सालच्या आपल्या ग्रंथात अशा मोळ्यांचे मजेदार नमुने दिले आहेत : मित्राच्या दाराशी पोहोचल्यावर स्वतःच्या घराची किल्ली बाहेर काढणारे लोक, आणि भोजनासाठी कपडे बदलायला जाऊन, एकेक वस्त्र उतरवत, अखेर अंथरुणात शिरणारे लोक. दुसरा प्रकार अद्याप माझ्या हातून घडलेला नाही.

खरे आश्चर्य पुढेच आहे. मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुनःपुन्हा पेटवून, विझवून, तपासायला लावली. शेवटी त्यांना काय आठवते ते विचारले, तेव्हा उत्तरांच्या अचूकतेत फारसा फरक पडला नव्हता. मात्र आठवण फिकी झाली होती आणि तिच्यावरचा विश्वास ढासळला होता. मंत्रचळाने, म्हणजे तीच कृती पुनःपुन्हा करायला लावणाऱ्या मनोविकाराने, ग्रासलेल्या माणसाची तपासणी का संपत नाही, यावर या निष्कर्षाने बराच प्रकाश पडतो. मला सौम्य स्वरूपात तोच अनुभव येतो : परत जाऊन पाहिलेले कुलूपही पुढच्या वळणावर धूसर होते, कारण पाहण्याचीही आता सवय झाली आहे आणि आजचे पाहणे कालच्या पाहण्यात मिसळून जाते.

जपानी रेल्वेचे चालक सिग्नलकडे बोट दाखवून त्याची स्थिती मोठ्याने उच्चारतात. तेथील रेल्वेच्या तांत्रिक संशोधन संस्थेने १९९४ साली केलेल्या प्रयोगात या पद्धतीने शंभर कृतींमागे होणाऱ्या चुका २.३८ वरून ०.३८ वर आल्या होत्या. हे वाचून मीही कुलपाकडे बोट रोखून ‘कुलूप लावले’ असे म्हणू लागलो. शेजाऱ्यांनी समजूतदारपणे दुर्लक्ष केले. काही आठवडे उपाय उत्तम चालला. नंतर ते वाक्यही मोळीत बांधले गेले आणि जिन्यातला प्रश्न ‘कुलूप लावले असे म्हटले का?’ असा झाला.

हल्ली मी वाक्य रोज बदलतो आणि त्या क्षणी समोर जे दिसेल ते त्यात घालतो. मंगळवारी कठड्यावर एक कबूतर एका पायावर उभे होते, म्हणून मी म्हणालो, ‘लंगड्या कबुतरासमोर कुलूप लावले.’ त्याने लगेच दुसरा पाय खाली टेकवला. मंगळवारचे कुलूप मी नक्की लावले होते.