२३० निवडून आले, त्यानंतर काय झालं: आमदारांच्या पीएचा अनुभव

सत्ताधारी बाजूच्या एका आमदारांकडे मी स्वीय सहायक आहे. मतदारसंघ मराठवाड्यातला, साहेबांची ही तिसरी टर्म. महायुतीतल्या तीनपैकी पक्ष कुठला ते लिहीत नाही. इतर पीएंशी जे बोलणं होतं त्यावरून सांगतो, तिन्हींकडे गत साधारण सारखीच होती.

२३ नोव्हेंबर २०२४ ला निकाल लागला. भाजप १३२, शिंदेंची शिवसेना ५७, अजितदादांची राष्ट्रवादी ४१. २८८ च्या सभागृहात तिघांचे मिळून २३०. समोर उद्धव ठाकरेंचे २०, काँग्रेसचे १६, शरद पवारांचे १०. विरोधी पक्षनेतेपदासाठी एक दशांश म्हणजे २९ आमदार लागतात असा संकेत, आणि तेवढे कुणाकडेच नाहीत. २०१९ ला निकालानंतर महिनाभर जो घोळ चालला तो आम्ही पाहिला होता. यंदा आठवड्याभरात सगळं मार्गी लागणार, अशी कार्यालयात पैज लागायची बाकी होती.

लागलं नाही. २६ नोव्हेंबरला जुन्या विधानसभेची मुदत संपली, शिंदेसाहेबांनी राजीनामा दिला आणि काळजीवाहू म्हणून राहिले. मग ते साताऱ्याकडे दरे गावी गेले, की टीव्हीवाले तिकडे. मुख्यमंत्री कोण, गृहखातं कुणाकडे, हे आम्हाला जेवढं चॅनेलवर दिसे तेवढंच कळे. ४ डिसेंबरला फडणवीसांची भाजप विधिमंडळ पक्षाचे नेते म्हणून निवड झाली, ५ ला आझाद मैदानावर शपथविधी. इकडे कानामागचा गुलाल निघाला नव्हता तोवर हारतुरे संपून अर्ज यायला लागले होते.

खरी परीक्षा पुढे होती, आणि ती विरोधकांनी घेतलेली नव्हती. ९१ व्या घटनादुरुस्तीनं मंत्रिमंडळाला १५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. आपल्याकडे ती येते ४३ वर. म्हणजे निवडून आलेल्या २३० पैकी पावणेदोनशेहून जास्त लोक बाहेर राहणार हे निकालाच्या रात्रीच ठरलेलं होतं. काठावरचं बहुमत असतं तेव्हा एकेका आमदाराला सांभाळावं लागतं, त्याचा फोन उचलावा लागतो. २३० असले की एखादा रुसला तरी सरकारला काही होत नाही, हे वरच्यांनाही कळतं आणि रुसणाऱ्यालाही. बहुमताचा हा तोटा आम्ही हातात आल्यावरच पाहिला.

१५ डिसेंबरला नागपुरात विस्तार झाला. दुसऱ्या दिवसापासून हिवाळी अधिवेशन, म्हणून शपथविधीही तिथल्याच राजभवनात. आदल्या रात्रीपासून आमदार निवासात एकच प्रश्न फिरत होता: 'फोन आला का?' आमच्या खोलीत गावाकडचे कार्यकर्ते गाद्या टाकून बसलेले, थंडी मी म्हणत होती, तरी कुणी झोपेना. साहेबांनी नवं जाकीट शिवून घेतलं होतं. ते कपाटाच्या दाराला हँगरवर लटकत होतं आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. सकाळी टीव्हीवर ज्यांना फोन गेले त्यांची नावं यायला लागली. आमच्याच जिल्ह्यातलं एक नाव आलं, ते आमचं नव्हतं. साहेब म्हणाले, "चला, चहा सांगा." मग दिवसभर ते बंद दाराआड फोनवर होते. मतदारसंघातून फोन येत होते ते माझ्याकडे, आणि सगळ्यांचं एकच, "साहेबांवर अन्याय झाला." त्यातले काही जण दुसऱ्या दिवशी नव्या मंत्र्यांच्या मिरवणुकीतल्या फोटोत दिसले. राजकारणात हे चालायचंच.

त्या दिवशी ३९ जणांनी शपथ घेतली, ३३ कॅबिनेट आणि ६ राज्यमंत्री. आधीचे तिघे, मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्री, धरून ४२. एक जागा मोकळी ठेवली होती, आणि ती कुणासाठी यावर पुढचे कित्येक दिवस लोकांनी चहा गरम ठेवला. छगन भुजबळ वगळले गेले तेव्हा आमच्या साहेबांना थोडं बरं वाटलेलं मी पाहिलं. एवढा ज्येष्ठ माणूस बाहेर, तर आपलं काय, असा हिशेब. अडीच वर्षांनी मंत्री बदलणार असंही सांगितलं गेलं. नाराजांना घरी परत पाठवायला याहून चांगलं वाक्य मला तरी सुचलं नसतं.

पण खाती? ती मिळाली २१ तारखेला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. म्हणजे आठवडाभर मंत्री होते आणि खाती नव्हती. माझ्यासारख्याची यात पंचाईत अशी, की पत्र कुणाच्या नावे टाइप करायचं? तलावाच्या सुधारित प्रशासकीय मान्यतेचं पत्र मी मुख्यमंत्र्यांच्या नावे केलं, कारण सगळी खाती तेव्हा त्यांच्याकडेच. तशी पत्रं हैदराबाद हाऊसला, म्हणजे नागपुरातल्या मुख्यमंत्री कार्यालयाला, किती आली असतील याची कल्पना करा. खातेवाटप झाल्यावर तीच पत्रं पुन्हा नव्या नावानं.

पत्र दिलं म्हणजे काम झालं असं लोकांना वाटतं. खरं काम शेऱ्यावर चालतं. मंत्र्यांनी पत्रावर 'नियमानुसार कार्यवाही करावी' लिहिलं की समजावं, कागद फिरून परत येणार. 'तपासून सादर करावे' असेल तर निदान कुणीतरी फाइल उघडणार. 'तात्काळ कार्यवाही करून अहवाल द्यावा' हा शेरा मिळवायला मात्र मंत्र्यांच्या कार्यालयात आपला माणूस लागतो. आणि त्या कार्यालयांतच माणसं नव्हती. खासगी सचिव आणि ओएसडी (विशेष कार्य अधिकारी) कोण घ्यायचे याला या वेळी मुख्यमंत्री कार्यालयाची मंजुरी लागत होती. १२५ नावं आली, १०९ मंजूर केली, बाकीच्यांवर आरोप आहेत म्हणून अडवली, असं पुढे फेब्रुवारीत मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं. धोरण म्हणून मला हे पटलं. कितीतरी पीए वर्षानुवर्षं एकाच मंत्रालयीन मजल्यावर मुरलेले असतात. पण तोवर आमच्या फाइली टेबलावर पडून होत्या हेही खरं.

मग पालकमंत्री. ही नावं जाहीर व्हायला १८ जानेवारी उजाडली. दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिकच्या नेमणुकांना स्थगिती, घटक पक्षांत एकमत नाही म्हणून. बाहेरून हे पदाचं भांडण दिसतं. आतून बघितलं तर जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो, पुढच्या वर्षाचा आराखडा त्याच सुमारास मंजूर व्हायचा असतो, आणि चालू वर्षाचा निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडला नाही तर गेला. समितीची बैठक नाही म्हणजे शाळाखोल्या नाहीत, स्मशानभूमीची शेड नाही, ट्रान्सफॉर्मर नाही. गावचा सरपंच मला विचारतो, "सरकार आपलंच ना?" यावर काय उत्तर द्यायचं?

याच काळात सोयाबीननं आम्हाला घाम फोडला. हमीभाव ४८९२, बाजारात चार हजारांच्या आसपास. म्हणून सगळा माल सरकारी खरेदी केंद्रांवर, आणि केंद्रावर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, नाही. ट्रॅक्टर रांगेत, ट्रॉलीत माल, वर ताडपत्री. एका शेतकऱ्यानं रांगेतून मला फोन केला, "भाऊ, मतं मोजायला वेळ लागला नाही, पोती मोजायला का लागतोय?" मी बारदान्यासाठी जिल्हा पणन कार्यालयात दिवसाआड फोन करत होतो.

लाडक्या बहिणींचं तर विचारूच नका. निवडणुकीआधी १५०० चे हप्ते खात्यावर पडले होते आणि जाहीरनाम्यात २१०० चा शब्द होता. निकालानंतर छाननी सुरू झाली. संजय गांधी निराधारचा लाभ घेणाऱ्या, ६५ वर्षांवरच्या, घरी चारचाकी असलेल्या अशा ५ लाख महिला अपात्र ठरल्याचं फेब्रुवारीत सरकारनं सांगितलं. आमच्या तालुक्यातल्या एक आजी आधार कार्ड घेऊन आल्या. कार्डावरचं वय अंदाजानं टाकलेलं, त्यात त्या पासष्टच्या पुढे गेलेल्या. "मला कुठं माहीत मी कधी जन्मले," म्हणाल्या. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही, पण हीच छाननी अर्ज भरताना झाली असती तर अंगणवाडी सेविकांना आज शिव्या खाव्या लागल्या नसत्या. १० मार्चला अजितदादांनी अर्थसंकल्प मांडला: एकूण ७ लाख कोटींचा, योजनेला ३६ हजार कोटी, महसुली तूट ४५,८९१ कोटी. २१०० चा उल्लेख नाही. आकडे बघितल्यावर तो का नाही हे मला कळलं. ते समजावून सांगण्याची कामगिरीही माझ्याकडेच आली. त्यात कंत्राटदार मागच्या वर्षीची बिलं घेऊन दारात.

महिनाअखेरीस दादांनी जाहीर कार्यक्रमात सांगून टाकलं, पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरा. कर्जमाफीचं आश्वासनही जाहीरनाम्यातच होतं. त्या दिवशी माझा फोन तापला. साहेब म्हणाले, "निदान खरं बोलले. आपण आता गावोगाव काय सांगायचं ते ठरवू." ठरलं असं, की कर्जमाफी 'योग्य वेळी', पण व्याज सवलतीसाठी हप्ता भरून घ्या. बरेच जण भरले नाहीत.

सभागृहात विरोधक मोजकेच होते, तरी सरकारला अडचणीचे विषय निघतच राहिले. मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनावर सगळ्यात चढ्या आवाजात बोलणारे सुरेश धस भाजपचेच आमदार. बाकावर जागा कमी पडायला लागली की विरोधी पक्षाचं काम आपल्यातलाच कुणीतरी उचलतो.

६ मे ला सर्वोच्च न्यायालयानं रखडलेल्या स्थानिक निवडणुका चार महिन्यांत घ्यायला सांगितल्या आणि कार्यालयातली गर्दी एका रात्रीत बदलली. सोयाबीन आणि हप्तेवाले मागे, इच्छुक पुढे. साहेबांचा कल स्वबळाकडे, जिल्ह्यातले नेते युतीचं बोलत होते. मी नावं लिहून घ्यायला नवी वही काढली. नगरपालिकेच्या एका वॉर्डात चौघे इच्छुक निघाले, चौघेही आपल्याच तीन पक्षांचे, आणि चौघांनाही साहेबांचं शिफारसपत्र हवं होतं.