चाळीस पोती सिमेंट

मी वशिल्यानं लागले. १९९३ च्या जूनमध्ये, तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये, गणिताची सहशिक्षिका म्हणून. आमच्या संस्थेचे तेव्हाचे सेक्रेटरी आणि माझा मामा एका वर्गात शिकलेले. मामानं शब्द टाकला. वडिलांनी पैसे दिले नाहीत, हे ते शेवटपर्यंत अभिमानानं सांगायचे. मात्र शाळेच्या दोन खोल्यांचं बांधकाम चालू होतं, तिथं चाळीस पोती सिमेंट उतरलं. त्यातल्याच एका खोलीत पुढं सातवी ब भरायची आणि मी तिथं अकरा वर्षं गणित शिकवलं. उन्हाळ्यात भयंकर तापायची.

कागदावर सगळं नीट होतं. पेपरात जाहिरात, अर्ज, मुलाखत, दोन वर्षांचा परिवीक्षा कालावधी, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता. आजही कुणी माझी फाइल काढली तर एक कागद कमी सापडायचा नाही.

मुलाखतीला आम्ही पाच जण होतो. पाठ आठवीच्या वर्गावर घ्यायचा होता. माझ्या आधीचा मुलगा आत गेला आणि मी व्हरांड्यात बाकावर बसून राहिले. दार उघडंच होतं. त्यानं विषय घेतला होता, उणे गुणिले उणे अधिक का होतं. आम्हाला बी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं, नियम पाठ होता एवढंच. त्यानं एका पोराला उभं केलं. म्हणाला, तू किराणा दुकानात गेलास, तुझ्या नावावर पाच-पाच रुपये उधारीच्या चिठ्ठ्या आहेत. चिठ्ठी म्हणजे उणे पाच. दुकानदाराला आज मुलगा झाला, तो खूश आहे, त्यानं तुझ्या तीन चिठ्ठ्या फाडल्या. काढून टाकल्या म्हणजे उणे तीन वेळा. आता तू गरीब झालास की श्रीमंत? पोरगं म्हणालं, पंधरा रुपयांनी सुटलो सर. अख्खा वर्ग हसला आणि वर्गाला समजलंसुद्धा. मला त्या बाकावर बसून समजलं.

मग मी आत गेले आणि त्रिकोणाच्या कोनांची बेरीज शिकवली. घाम फुटला होता, हातात खडू मोडला. निवड माझी झाली.

त्या मुलाचं नाव मी तेव्हा विचारलं नाही. नंतर विचारायची हिंमत झाली नाही. त्याच्या चिठ्ठ्या मात्र तीस वर्षं वापरल्या. दुकानदाराला कधी मुलगी झाली, कधी त्याच्या पोराला दहावीला पंच्याण्णव टक्के पडले, गोष्ट तीच. माजी विद्यार्थी भेटले की म्हणतात, बाई, तुमच्या उधारीच्या चिठ्ठ्या अजून आठवतात. मी 'हो का' म्हणते.

लोक मला म्हणतात, मग काय झालं, तुम्ही चांगलंच शिकवता की. हे वाक्य मी स्वतःलाही पुष्कळदा ऐकवलंय. त्यातली मेख कळायला मला फार वर्षं लागली. मी बरी निघाले, हे मोजता येतं. तो किती चांगला निघाला असता, ते कुणीच मोजलं नाही.

२०१७ मध्ये शिक्षकभरतीचं सरकारी 'पवित्र' पोर्टल आलं तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यात जास्त खूश कोण असेल तर मी. ऑनलाइन चाचणी, दोनशे प्रश्न, दोनशे गुण, गुणांप्रमाणे यादी. जिल्हा परिषदेच्या जागेसाठी कुणाचे पाय धरायचे नाहीत. कुणाचा मामा कुणाबरोबर शिकला हे त्या कॉम्प्युटरला कळत नाही. पण ही चाचणी डिसेंबर २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये झाली. मधल्या काळात डी.एड., बी.एड. झालेली पोरं तासिका तत्त्वावर आणि विनाअनुदानित शाळांवर घासत राहिली, काहींचं वय गेलं. त्यातच टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, घोटाळा बाहेर आला, २०१९ च्या परीक्षेतले जवळजवळ आठ हजार उमेदवार राज्य परीक्षा परिषदेनं बाद केले. म्हणजे सिमेंट गेलं, गुणच विकायला लागले. आणि २०२५ मध्ये नागपूर विभागातल्या बोगस शालार्थ आयडींचं, म्हणजे शिक्षकांचा सरकारी पगार ज्यावर निघतो त्या क्रमांकांचं, प्रकरण निघालं, तिथं तर काही नेमणुकाच कागदावरच्या. पोर्टल कितीही पवित्र असो, आयडी देणारा हात माणसाचाच.

आणि खासगी संस्थांना मुलाखतीचा पर्याय आहेच. पोर्टलवरून नावं येतात, मग अध्यापन कौशल्य आणि मुलाखत मिळून तीस गुण संस्थेच्या हातात. मी याच्या विरुद्ध बोलायला हवं, पण माझी पंचाईत होते. दोनशे वस्तुनिष्ठ प्रश्नांतून तो चिठ्ठ्यावाला मुलगा कुणाला दिसला असता? त्याला बघायला दार उघडं ठेवून वर्गात बसावंच लागतं. आणि दार उघडलं की त्यातूनच मामा आत येतो.

गेल्या वेळी आमच्या शाळेत गणिताची एक जागा निघाली. मी मुख्याध्यापक, त्यामुळं शाळा समितीत मी आहेच. यादीत माझ्या भावाच्या मुलाचं नाव होतं. बी.एस्सी. बी.एड., विनाअनुदानितवर आठ वर्षं. पगार म्हणायचा तरी कसा, महिन्याला मिळायचे ते पेट्रोलला जायचे. त्याचे आईवडील दोघंही माझ्याकडे आले, येताना घरच्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन. तो स्वतः आला नाही, फोनही केला नाही. मला ते आवडलं.

मी सेक्रेटरींना जाऊन सांगितलं, साहेब, यादीत माझा भाचा आहे, या मुलाखतीला मी बसणार नाही. ते हसले. म्हणाले, "अहो बाई, मग तर तुम्ही बसाच. घरचंच माणूस."

मी बसले नाही. लेखी दिलं. जाताना एवढंच सुचवलं, की एका उमेदवाराचा पाठ झाला की दुसरा आत यायच्या आधी प्रत्येकानं पेनानं गुण लिहावेत, सही करावी. सगळे पाठ झाल्यावर चहा पीत पीत गुण भरले की काय होतं, ते मी बघितलेलं आहे. ते त्यांनी केलं म्हणे.

भाच्याची निवड झाली नाही. रात्री दादाचा फोन आला. तो भांडला नाही, त्यानं फक्त विचारलं, "तुला लावताना मामानं असंच केलं असतं तर?" मी फोन हातात धरून गप्प उभी राहिले, मग त्यानंच ठेवला. यंदाच्या भाऊबीजेला तो आला, ओवाळून घेतलं, जेवायला थांबला नाही. वहिनी आलीच नाही. त्या शेंगा मी परत पाठवल्या नव्हत्या, भाजून खाल्ल्या होत्या, हेही एक मनात राहिलंय.

जे सर लागले ते आमच्या अध्यक्षांच्या गावचे आहेत. त्यामुळं लागले का? माझ्याकडे पुरावा नाही. त्यांची फाइल मी स्वतः तपासली, एक कागद कमी नाही. माणूस वक्तशीर आहे, मुलांवर ओरडत नाही, खेळाच्या तासाला मैदानात उतरतो. नवी माणसं आली की मी मुद्दाम व्हरांड्यातून फिरते, जुनी खोड. ऑगस्टमध्ये एकदा त्यांचा तास चालू होता आणि वर्ग सुरात म्हणत होता, "उणे उणे अधिक, उणे उणे अधिक."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांना केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि चिठ्ठ्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली. खिशातून डायरी काढून लिहूनही घेतली.

"मॅडम, भारी आहे. कुठल्या पुस्तकात आहे हे?"

मी म्हटलं, पुस्तकातलं नाही. एका सरांचं आहे.

"आपल्याच शाळेतले का?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांना आपण घेतलं नाही."