हस्की आणि जळगावचा मे

आमच्या कॉलनीत कोणीतरी हस्की कुत्रा आणलाय. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि हा सायबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावरची गाडी ओढायला तयार केलेला गडी! केसांचा दुहेरी थर, निळे डोळे, पळायची अफाट हौस. इथे बिचारा दिवसभर एसीत पडून असतो आणि रात्री भेसूर गळा काढतो. आजी विचारते, ‘हाऊ कुत्रा शे का लांडगा?’ राखणीला शून्य. चोर आला तरी शेपूट हलवेल.

लॅब्रॅडोर त्यापेक्षा बरा. नाव कॅनडातल्या लॅब्रॅडोर भागाचं असलं तरी मूळ शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांकडचं, म्हणून पाणी दिसलं की उडी. खादाड मात्र भयंकर; कळण्याच्या भाकरीवरही तुटून पडतो.

जर्मन शेफर्ड तर मुळात मेंढ्या राखणारा. फॉन श्टेफानिट्स या घोडदळातल्या अधिकाऱ्याने १८९९ मध्ये ही जात नावारूपाला आणली. पोलिसांत हा कुत्रा नंतर गेला.

पण मला विचाराल तर आपला दख्खनचा कारवानी. लांबट तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट, अंगाला चिकटलेले आखूड केस. हा वासावर नाही, नजरेवर शिकार करतो. कर्नाटकात याला मुधोळ म्हणतात. २००५ मध्ये मुधोळवर टपाल तिकीटही निघालं. परक्याने अंगाला हात लावलेला त्याला खपत नाही. लाडात येणारं कुत्रं हवं असेल तर याच्या वाटेला जाऊ नका. आणि फ्लॅटमध्ये तर नकोच, त्याला पळायला शिवार लागतं.