सतरा पॅरे आणि दोन गॅरामाँड

गेल्या महिन्यातली गोष्ट, डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय. मी पुस्तकांची मांडणी करते, बहुतेक इंग्रजी पुस्तकं. गॅरामाँड या फाँटमध्ये मांडलेल्या इतिहासाच्या एका पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची होती. दुसरी आवृत्ती म्हणजे नुसतं परत छापायचं असं लोकांना वाटतं, पण आमचा जीव अडकलेला असतो तो पानं सरकण्यात. एखाद्या पानावर एक ओळ वाढली की पुढचं सगळं ढकललं जातं आणि मागच्या सूचीतले शेकडो पान नंबर खोटे पडतात. म्हणून नवा पॅरा जुन्या पॅऱ्याइतक्याच ओळींत बसवायचा असतो. लेखकाने १७ पॅरे नव्याने लिहून वर्डमध्ये पाठवले, ज्युनियरने ते इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पेस्ट केले, सगळे व्यवस्थित बसले, मी स्क्रीनवर बघून ओके दिला आणि प्रूफ काकांकडे गेलं.

काका निवृत्त झाल्यापासून आमची प्रूफं वाचतात. फाँटची नावं त्यांना फारशी माहीत नाहीत आणि कुठले पॅरे नवे आहेत हेही मी सांगितलं नव्हतं. प्रूफ परत आलं तेव्हा १५ ठिकाणी समासात लाल पेन्सिलीने कंस आणि प्रश्नचिन्ह. फोन केला, काका काय चुकलंय?

"चुकलं काही नाही गं, पण इथे अक्षर फिकं पडलंय. आणि एम, एन, आर यांची डोकी जरा टोचतात."

मी म्हणाले, काका सगळीकडे गॅरामाँडच आहे हो, प्रिंटरची शाई कमीजास्त झाली असेल. ते बरं म्हणाले आणि फोन ठेवला. शाई फक्त नव्या पॅऱ्यांपुरती कशी कमी होईल हे तेव्हाच सुचायला हवं होतं, सुचलं संध्याकाळी.

मग एक नवा आणि एक जुना पॅरा शेजारी ठेवून खूप मोठा करून बघितला. नव्या पॅऱ्यात आरच्या माथ्यावरचा सेरिफ, म्हणजे अक्षराच्या टोकाची छोटी रेघ, तिरका, कोरून काढल्यासारखा, जुन्यात तोच शांत आणि आडवेपणाकडे झुकलेला. ए या अक्षराच्या डोक्याचा बाकही वेगळा, नव्यात जास्त टोकदार. फाइलमध्ये कुठले फाँट वापरलेत ते दाखवणारी फाइंड फाँटची यादी उघडली तर दोन नावं, अडोबी गॅरामाँड आणि नुसतं गॅरामाँड. वर्डबरोबर येणारा गॅरामाँड मोनोटाइप या कंपनीचा असतो, तो पेस्ट करताना फॉरमॅटिंगसकट आत आला, आणि दोन्ही फाँट मशीनवर असल्यामुळे इनडिझाइनने कसलीच वॉर्निंग दिली नाही. ज्युनियरला मी काही बोलले नाही, ती यादी उघडून बघायला दहा सेकंद लागतात आणि ते काम माझं होतं.

खरा त्रास याचा होतो की हा फरक मला तोंडपाठ आहे! क्लोद गारामों हा पॅरिसचा ठसे कोरणारा, १५६१ मध्ये वारला. जाँ जानों जन्मला १५८० मध्ये, म्हणजे गारामों गेल्यावर १९ वर्षांनी. सेदानला छापखाना चालवायचा, आपल्या अक्षरांचं नमुनापुस्तक त्याने १६२१ मध्ये काढलं. त्याचे साचे पुढे फ्रान्सच्या राजाच्या छापखान्याकडे गेले, आणि काळाच्या ओघात ती अक्षरं गारामोंचीच म्हणून ओळखली जायला लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपन्यांनी गॅरामाँड पुन्हा काढायला घेतला तेव्हा बऱ्याच जणांनी समोर ठेवली ती जानोंची अक्षरं, मोनोटाइपनेही १९२२ मध्ये तेच केलं. १९२६ मध्ये बिएट्रिस वॉर्ड या बाईंनी, पॉल बोझों हे पुरुषाचं नाव घेऊन, दाखवून दिलं की हे सगळं जानोंचं आहे. पण तोवर त्या नावाने खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, विकले जात होते, नाव बदललं नाही, आणि आजही फाँटच्या मेनूत जानोंच्या अक्षरावर गॅरामाँडच लिहिलेलं असतं. अडोबीचा गॅरामाँड स्लिमबाक या अक्षरकाराने १९८९ मध्ये केला, तो खऱ्या गारामोंवरून, आणि त्याचं इटॅलिक, म्हणजे तिरकं अक्षर, गारामोंच्याच काळातल्या ग्रांजोंच्या अक्षरांवरून. हे मी नव्या मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगते. आणि काकांनी अक्षर बघून विचारलं तेव्हा मी नाव बघून उत्तर दिलं, त्या जुन्या छापखान्यातल्या लोकांनी केलं तेच.

ऑफिसात एकाने विचारलं, कोणाला कळणार आहे? काकांना कळलं ना, आणि तेही १७ पैकी १५. कुणाला कळत नाही म्हणणाऱ्यांनी महिनाभर प्रूफ वाचून बघावं.

सतराही पॅरे अडोबीत फिरवले. १४ होते तसे बसले, तिघांची एकेक ओळ वाढली. दोन ठिकाणी लेखकाने एकेक शब्द कमी करून दिला. तिसरं १८७ वं पान, तिथे अवतरण होतं, शब्द हलवता येईना, म्हणून अख्ख्या पॅऱ्याचं ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, किंचित आवळलं आणि ओळ आत घेतली. काकांना परत फोन करून सांगितलं की तुमचं बरोबर होतं, दोन वेगळ्या माणसांची अक्षरं होती. ते म्हणाले, "हां, म्हणजे डोळे अजून ठीक आहेत."

पुस्तक छापून आलंय. १८७ वं पान काकांनी दुसऱ्या प्रूफात काहीही खूण न करता सोडलं, मला मात्र तो पॅरा दरवेळी घट्टच दिसतो. आवळलाय हे मी त्यांना सांगितलेलं नाही.